बर्चचा उडवा

माझी सून रचना भांडत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा दोष. काही सांगितलं की "हो आई" म्हणते, मान हलवते आणि मग तिला जे करायचं तेच करते. तोंडावर नाही म्हणणारं माणूस मला चालतं, त्याच्याशी दोन हात करता येतात. हो म्हणणाऱ्याशी काय करणार? परदेशात, मिल्टन कीन्सला, अकरा वर्षं एका घरात काढली, पण तिचं भांडण मी एकदाच पाहिलं. त्यानंतर नुसतं हो आई, हो आई.

मिल्टन कीन्सला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खिडकीतून गोल चौक दिसायचा आणि त्याला वळसा घालून जाणाऱ्या गाड्या. परभणीकडच्या गावात जन्म गेलेल्या बाईला अकरा वर्षं पायाखाली दुसऱ्याचं छप्पर. मी कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण कुणी ऐकली नाही.

मग माझ्या मुलाचं, प्रबुद्धचं, काम घरातनं व्हायला लागलं. महिन्यातनं दोनदा तिकडं ऑफिसला गेलं की झालं. रचना नर्स. तिला ऑल्स्टनच्या दवाखान्यात जागा मिळाली. ऑल्स्टन म्हणजे पार वर, पेनाईन डोंगरात. गावाच्याही वर पाच मैलांवर आम्ही हे दगडी घर भाड्यानं घेतलं. मागं माळ, पुढं माळ, मधे मेंढ्या. मार्चच्या शेवटी आलो तेव्हा कुंपणाच्या सावलीत अजून बर्फ होता.

गॅसची लाईन इथवर येत नाही. विजेचे दोन हीटर आहेत, ते पाय तापवतात, घर नाही. बैठकीच्या खोलीत लोखंडी स्टोव्ह आहे, काचेच्या दाराचा. घराची ऊब म्हणजे तोच.

पहिल्याच दिवशी प्रबुद्ध म्हणाला, "आई, हा एक हिवाळा बघू. निभलं तर राहू. नाहीतर मार्चमध्ये करार संपला की परत फ्लॅट."

"निभायला काय झालं?"

"इथं बर्फात रस्ता बंद होतो. घर गरम राहिलं नाही तर अक्षराला घेऊन मी इथं राहणार नाही."

अक्षरा माझी नात, आठ वर्षांची, इकडंच जन्मलेली, मराठी मोडकं बोलते. तिची छाती थंडीत भरते. त्याचं बरोबर होतं. पण मला त्या तिसऱ्या मजल्यावर परत जायचं नव्हतं. मी म्हटलं, "जळणाचं माझ्याकडे लागलं. तू नको बघू."

एप्रिलमध्ये जळण आलं. खालच्या मळ्यावरची हिल्डा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घेऊन आली. बर्चचे ओंडके, पांढऱ्या सालीचे, हातभर लांबीला कापलेले. हिल्डा माझ्याच वयाची, अडुसष्ट-सत्तरची. एकटी दीडशे मेंढ्या आणि सहा गाई बघते. मला पेट म्हणते. अक्षराने सांगितलं, पेट म्हणजे पाळलेलं मांजर-कुत्रं. मी म्हटलं, म्हणू दे, गडीमाणसासारखी राबते ती, तिला म्हणायचा हक्क आहे.

प्रबुद्धने नवी कुऱ्हाड आणली, जाड डोक्याची. फोनवर फोडायचे व्हिडिओ बघितले. मग बाहेर जाऊन ओंडक्याच्या बरोबर मधोमध, गाठीवर, घाव घातला. कुऱ्हाड रुतून बसली. ओंडक्यासकट उचलून आपटायला लागला.

"तिथं डोळा आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"गाठ. तिथं फांदी होती. बाजूला बघ, कडेला चीर दिसते ना, तिच्यावर मार. लाकूड कुठं फुटायचं ते स्वतः सांगत असतं."

तिसऱ्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले. कुऱ्हाड मी घेतली. लग्नाआधी मी बाभळी फोडल्या आहेत. बाभळीपुढं बर्च म्हणजे भेंडी. पदर खोचला, वर स्वेटर, पायात प्रबुद्धचे जुने बूट. रोज सकाळी दोन तास. उजवा खांदा आठवडाभर वर गेला नाही, केस डाव्या हाताने विंचरत होते. पण मे संपायच्या आत ढीग फोडून झाला. रचना कामावरून आली की ढलप्या गोळा करायची. "आई, उद्या मी फोडते, तुम्ही बसा," म्हणायची. मी म्हणायचे, "तू सुया टोच." ती म्हणायची, "हो आई."

मग मी उडवा रचला.

आमच्याकडे उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या पावसाआधी गोल रचतात, वरनं शेणमातीनं लिंपतात. आत थेंब जात नाही. चार महिने पाऊस पडू दे, श्रावणात फोडून काढली तरी गोवरी खणखणीत. त्याला उडवा म्हणतात. माझ्या सासूचा उडवा गावात नावाजलेला होता, तिच्याकडून मी शिकले. इथं तर बारा महिने पाऊस. म्हणून मी उडवाच घालायचं ठरवलं. घराच्या पुढच्या अंगाला, दारातून दिसेल असा. ढलप्या दाटून दाटून बसवल्या, बोट जाणार नाही अशा. वरनं हिरवी ताडपत्री, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आणली, दोरीनं आवळली. खालची कड राहिली. ती वाऱ्यानं उडेल, पाणी शिरेल. मी अक्षराच्या हाती बादली देऊन हिल्डाच्या गोठ्यातनं शेण मागवलं. अकरा वर्षांनी शेणात हात घातला. माती कालवली आणि ताडपत्रीची कड चारी बाजूंनी लिंपून बंद केली. वर हाताची बोटं उमटवली, ओळीनं.

हिल्डा बघायला आली. बराच वेळ बोटांचे ठसे बघत राहिली. मग ताडपत्रीच्या बाजूला हात लावून म्हणाली, "विंड, पेट."

मी आभाळाकडं बोट केलं. "रेन."

तिनं मान हलवली. ताडपत्री उचलल्यासारखा हात केला. "विंड."

"रेन," मी म्हटलं.

"विंड."

"रेन."

दोघी तिथंच उभ्या राहिलो. शेवटी तिच्या कुत्र्याला कंटाळा आला, ते निघालं, मग तीही निघाली.

रात्री जेवताना रचना म्हणाली, "आई, हिल्डा म्हणतात बाजू उघड्या ठेवायला हव्यात. दवाखान्यातले लोकही तेच म्हणाले. लाकूड ओलं आहे, त्याला वारा लागतो."

"दवाखान्यात लाकडं तपासतात का?"

"नाही."

"मग?"

प्रबुद्ध ताटात बघून जेवत होता. रचनाने आमटी वाढली आणि म्हणाली, "हो आई."

हे जूनचं.

जुलैपासून तिचं चालणं सुरू झालं. कामावरून आली की अंगावरचा कोट काढायच्या आधी, "जरा चालून येते आई." अर्धा तास, कधी पाऊण. अक्षराही मागं जायची. परत आली की बाहीला कचरा, केसांत कोळ्याची जाळी. एकदा चपात्या लाटताना बघितलं, बोटांत काट्यासारख्या सली घुसलेल्या.

"चालायला जाते का रांगायला?" मी विचारलं.

"कुंपणावरून चढताना लागलं."

"बाईनं कुंपणावरून चढू नये असं नाही. पण फाटकातनं जावं."

"हो आई."

घराच्या मागं, चाळीस पावलांवर, मेंढ्यांचा जुना गोठा आहे. भिंतींना उभ्या फटी ठेवलेल्या, वर पत्रा. मला तिथं पुढं कोंबड्या ठेवायच्या होत्या. रचना म्हणाली, "आई, तिकडं जाऊ नका. पत्रा खाली यायला झालाय, डोक्यात पडेल." मी गेले नाही.

ऑक्टोबरात स्टोव्ह पेटवायला लागलो. रचना म्हणाली, "वाट निसरडी झालीय. लाकडं मी आणत जाईन, तुम्ही पडाल. मागच्या बाजूनं काढते म्हणजे पुढून तुमचा उडवा मोडायला नको." हे मला पटलं. पुढून तो दिसायला चांगला होता, बोटांचे ठसेही टिकले होते. रोज संध्याकाळी ती दोन टोपल्या भरून आणायची. लाकूड असं पेटायचं की काडी लावायचा अवकाश. काच आरशासारखी स्वच्छ. खोलीत आम्ही स्वेटर काढून बसायचो. स्टोव्हच्या वरच्या फळीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यावर उजेड खेळायचा.

मी प्रबुद्धला म्हटलं, "बघ. आणि ती म्हणे वारा."

हिल्डा अंडी द्यायला आली तेव्हा तिला आत बोलावून स्टोव्ह दाखवला. आभाळाकडं बोट केलं आणि "रेन, नो," म्हटलं. ती स्टोव्हकडं बघून रचनाकडं बघायला लागली. रचना अंडी मोजून घेत होती. अंडी सहाच होती, तरी तिला मोजायला बराच वेळ लागला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रबुद्ध ऑफिसच्या कामाला मिल्टन कीन्सला गेला. गुरुवारी. शुक्रवारी सकाळी रचना कामावर गेली तेव्हा आभाळ शेवाळलेल्या पाण्यासारखं होतं, वारा अजिबात नव्हता. अक्षराच्या शाळेनं आधीच सुट्टी दिली होती. दहा वाजता बर्फ सुरू झाला. सुरुवातीला कण्या सांडाव्यात तसा. मग वारा आला आणि बर्फ आडवा पडायला लागला. बारापर्यंत फाटक दिसेनासं झालं.

एक वाजता फोन वाजला. रचना.

"आई, रस्ता बंद झालाय. मला आज वर येता येणार नाही, मी दवाखान्यातच आहे. अक्षरा बरी आहे ना?"

"बरी आहे. तू तिथं जेव."

"आई, ऐका. लाकडं आहेत ना, ती मागच्या..."

दिवा गेला आणि फोनही गेला. इथला फोन विजेवर चालतो. प्रबुद्धने मला दिलेल्या मोबाईलवर रेंजची एकही काडी नव्हती. मी म्हटलं, बरं झालं, लाकडाचं हिनं मला शिकवायचं राहिलं होतं.

टोपलीत सात ढलप्या होत्या. तीन वाजेपर्यंत त्या संपल्या. वीज आली नाही. खिडकीच्या आतल्या अंगाला वाफ धरली, मग तिचंच पातळ बर्फ झालं. अक्षरा गोधडी घेऊन स्टोव्हला चिकटून बसली होती. लोखंड निवत चाललं तसं ती हात पुढं पुढं सरकवत होती.

"आजी, मी खोकला नाही," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मी बूट घातले, डोक्याला मफलर बांधला. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर गुडघ्याएवढा बर्फ. फावड्यानं उकरत उकरत उडव्यापर्यंत गेले. वीस पावलं असतील, अर्धा तास लागला. श्वास आत घेतला की नाकातले केस टोचायचे. लिंपण गोठून दगड झालं होतं. फावड्याच्या काठानं मारून मारून फोडलं, भाजीच्या सुरीनं दोरी कापली, ताडपत्री वर केली.

वास आला. पेवात पाणी शिरलेल्या ज्वारीचा येतो तसा.

पहिली ढलपी हातात घेतली आणि कळलं. मे महिन्यात होती त्याहून जड. साल अंगठ्यानं निघून आली, खाली काळं, त्यावर पांढरी बुरशी कापसासारखी. दुसरी तशीच. तिसरी हातात मऊ लागली, पावासारखी. त्यातल्या त्यात बऱ्या पाच निवडल्या आणि आत आणल्या.

कागद घातला, होत्या त्या काटक्या घातल्या, होतं नव्हतं ते पुठ्ठ्याचं खोकं फाडून घातलं. पुठ्ठा जळाला, लाकूड सूं सूं करायला लागलं. ढलपीच्या टोकांना फेस आला आणि पिवळं पाणी ठिबकलं. मी वाकून फुंकर मारली. फुंकून फुंकून डोळ्यांपुढं काजवे आले. धुराडं थंड झालेलं, धूर वर जाईना. स्टोव्हच्या दारातून खोलीत आला. छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला. काच काळी झाली, डांबर फासल्यासारखी. अक्षरा खोकायला लागली आणि आता थांबेना. मी खिडकी उघडली. धूर गेला आणि होती ती ऊबही गेली.

बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेवर काजळी बसली होती. पदरानं पुसली. पसरली.

"आजी, लाकूड ओली आहे," अक्षरा म्हणाली.

"कळलं मला."

"तू वाजवली नाही?"

"काय वाजवायचं?"

"मम्मी वाजवते. असं." तिनं दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. "टक झालं की चांगला. धप झालं की वाईट."

मी खाली बसले. जन्मात एक मडकं मी वाजवल्याशिवाय घेतलं नाही. कुंभारणी म्हणायच्या, गयाबाई आली, आता टिचकलेलं खपायचं नाही. आणि ट्रॉलीभर लाकडात एक ढलपी मी दुसरीवर आपटून बघितली नव्हती.

पण मग ऑक्टोबरपासून रोज पेटत होतं ते? ते कुठलं?

परत बाहेर गेले. आता उजेड उतरायला लागला होता. मनात म्हटलं, बाहेरची रांग भिजली असेल, आतल्या कोरड्या असतील, उडव्याचं तसंच असतं. पुढची रांग ओढून पाडली. तिच्या मागची पाडली. तिसऱ्या रांगेला हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला. काही लागलं नाही. उडवा आतून पोकळ होता. दोन रांगा पुढं उभ्या, वर फळ्या, वर ताडपत्री, आणि मागं नुसता अंधार. मागच्या अंगाची ताडपत्री नीट कापून परत दोरीनं शिवावी तशी बांधलेली.

घरात येऊन मी म्हटलं, "चोरी झाली. आपली लाकडं कुणीतरी नेली."

अक्षरा खोकली. मग म्हणाली, "चोरी नाही. मम्मी घेतली."

"काय?"

"रोज थोडी थोडी. मी पण घेतलो. गोठ्यामध्ये ठेवली. तुला सांगायचं नाही सांगितली होती."

"आणि पत्रा डोक्यात पडतो तो?"

"पत्रा चांगली आहे, आजी."

मी तिला गोधडीसकट स्टोव्हपाशी बसवलं, दार लावून घेतलं आणि गोठ्याकडं निघाले. चाळीस पावलं. मांडीपर्यंत बर्फ. एका जागी पडले. पडल्यावर बरं वाटलं, वारा लागेना. पण तिथं बसून चालणार नव्हतं.

गोठ्याच्या दाराला नुसती कडी होती.

आत भिंतींना हात-दीड हात सोडून लाकडं रचली होती, छातीएवढी उंच, तीन ओळी. खाली लाकडी चौकटी घातलेल्या, ओल लागू नये म्हणून. सालीची बाजू वर. ढलपी-ढलपीत बोट जाईल एवढी जागा. भिंतीच्या फटींतून वारा आत येत होता आणि त्या ओळींतून पार निघून जात होता, मला गालाला लागला. टोकांना चिरा पडल्या होत्या, भाकरीला पडतात तशा. दोन ढलप्या घेतल्या आणि एकमेकींवर मारल्या.

टण्‌ झालं. पक्कं भाजलेलं मडकं.

सहा महिने तिनं दिवसभर माणसांची अंगं उचलायची आणि संध्याकाळी हे. माझ्या दारापुढचा उडवा तिनं पुढून तसाच ठेवला होता, बोटांच्या ठशांसकट.

विचार करायला मला वेळ नव्हता. उडव्याची कापलेली दोरी बरोबर होती. वीसेक ढलप्यांची मोळी बांधली. डोक्यावरच्या मफलरची चुंबळ केली. उचलून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मोळी आधी ओळीवर चढवली आणि तिच्याखाली डोकं घातलं. पन्नास वर्षांनी डोक्यावर मोळी घेतली. मान करकरली, पण पाय आठवणीनं पडले. बर्फात मोळी घेऊन चालायची रीत उन्हात चालायच्या रीतीहून निराळी नाही. मान ताठ ठेवायची, खाली बघायचं नाही. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला अंधार झाला होता, अक्षराने दारात टॉर्च धरली होती.

लाकूड पेटलं. काडी लावायचा अवकाश. तासाभरानं काच आपोआप निवळली. अक्षराला छातीला तेल चोळलं, स्टोव्हवर कुकर चढवून खिचडी केली. पोरगी तिथंच झोपली. मी झोपले नाही. दर तासाला एक ढलपी. आत घालायच्या आधी प्रत्येक वाजवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. वीज नव्हतीच. दुपारी बाराच्या सुमाराला ट्रॅक्टरचा आवाज आला. हिल्डा पुढं फाळ लावून बर्फ बाजूला सारत येत होती आणि शेजारी रचना उभी, कालच्याच कपड्यांत. फाटकाशी तिनं उडी मारली. आधी धुराड्याकडं बघितलं. धूर पातळ आणि सरळ वर जात होता. मग उडव्याकडं बघितलं. तो अर्धा आडवा पडला होता, ताडपत्री बाजूला, कुजलेल्या ढलप्या बर्फावर. तिची पावलं मंदावली.

आत येऊन तिनं अक्षराच्या छातीला कान लावला. पाठीला लावला. मग टोपलीतल्या लाकडांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी चहा टाकला होता.

हिल्डाही आली, बूट काढून. टोपलीतून दोन ढलप्या उचलल्या, एकमेकींवर मारल्या. टण्‌. माझ्याकडं बघून काहीच म्हणाली नाही. ते तिचं चांगलं.

मी तिच्या हातात कप दिला आणि म्हटलं, "विंड."

"आय, पेट," हिल्डा म्हणाली. आय म्हणजे इकडचं हो. "विंड." आणि चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

तेवढ्यात रचनाचा मोबाईल वाजला. खालचा मोबाईलचा टॉवर चालू झाला होता. प्रबुद्ध. तिनं स्पीकर लावला.

"अक्षरा कशी आहे? आई कुठंय? मी काल दुपारपासून लावतोय."

"सगळे ठीक आहेत," रचना म्हणाली. "घर गरम आहे."

"वीज नाही ना?"

"नाही. स्टोव्हवर."

तिकडून मोठा श्वास ऐकू आला. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. मी ठरवून टाकलं होतं, मार्च कशाला, आत्ताच परत जायचं. आई, ऐकतेस ना? तुझ्या उडव्यानं वाचवलं बघ. आम्ही उगाच तुला वारा वारा करत होतो."

मी रचनाकडं बघितलं. आता ती बोलेल असं वाटलं. बोलायला पाहिजे होतं. दोरीचं टोक तिच्या हातात होतं, नुसतं ओढायचं होतं.

रचना टोपलीतल्या सालीचा तुकडा बोटानं सोलत होती. म्हणाली, "हो ना. आईंचाच उडवा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. रात्रभर थंडीत फिरलं नव्हतं ते तेव्हा फिरलं.

मी फोन तिच्या हातातनं घेतला. "प्रबुद्ध, उडवा सडला. एक लाकूड कामाचं निघालं नाही त्यातनं. हे जळतंय ते तुझ्या बायकोनं मला चोरून वाळवलेलं. मार्चात राहायचं का जायचं ते तिला विचार, मला विचारू नको. जय भीम." आणि फोन ठेवला. म्हणजे ठेवता येईना, ते लाल बटण रचनाने दाबलं.

हिल्डाला शब्द कळले नाहीत, पण बाकी कळलं. तिनं कप खाली ठेवला, अक्षराचा हात धरला आणि ट्रॅक्टर दाखवायला तिला बाहेर घेऊन गेली.

दोघीच राहिलो.

"आई, मी काल फोनवर सांगत होते..."

"सांगत होतीस. सहा महिन्यांनी. एक वाजता. आणि एक वाजून एका मिनिटानं वीज गेली."

तिनं सालीचा तुकडा टोपलीत टाकला.

"पोरीला माहीत नसतं तर? चाळीस पावलांवर कोरडं लाकूड आणि इथं आम्ही दोघी ओल्या लाकडाचा धूर पीत बसलो असतो. तू येऊन तिच्या छातीला कान लावून काही उपयोग झाला नसता."

तिचे डोळे भरले, पण पुसले नाहीत. हात मांडीवर होते. बोटांना अजून जुन्या सलींचे काळे ठिपके.

"तोंडानं सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

ती स्टोव्हकडं बघत म्हणाली, अगदी शांतपणे, "मिल्टन कीन्सला मी एकदा नाही म्हटलं होतं, आई. अक्षरा तान्ही होती, तिला धुरी द्यायची नाही म्हटलं होतं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. प्रबुद्ध पण जेवले नाहीत. मी बाळंतीण, घरात एकटी जेवत होते."

हे खरं होतं. मी विसरले नव्हते, पण असं मोजून कुणी समोर ठेवलं नव्हतं. स्टोव्हमध्ये ढलपी सरकली. मी उठले, एक नवीन घेतली, सवयीनं वाजवली, आत घातली आणि दार लावलं.

मग तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ऐक रचना. तुझं लाकूड खरं आणि तुझी जीभ खोटी. लाकडाचं मी चुकले, ते मी चारचौघांत सांगेन, त्या हिल्डाला सांगून झालं. पण चुकणाऱ्या बाईला हो म्हणत राहिलीस, त्यात निम्मी चूक तुझी. आजपासून ह्या घरात मला हो आई म्हणायचं नाही. मी चुकले की तोंडावर नाही म्हणायचं, माझ्याशी भांडायचं. मी दोन दिवस जेवणार नाही. तू जेवायचं. तिसऱ्या दिवशी मी जेवते."